शहारे सरांचा सर्व्हर

शहारे सरांनी मला एकदा तोंडावर डेस्कटॉप म्हटलं होतं. स्टाफरूममध्ये, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. मी मराठी शिकवणारी बाई. या शब्दात शिवी आहे की कौतुक, हेच मला कळेना. म्हणून मी आधी रागावून घेतलं आणि मग अर्थ विचारला. माझी पद्धतच तशी आहे.

"रागावून काऊन राहिल्या मॅडम?" ते म्हणाले. "डेस्कटॉप म्हणजे चांगलाच असते. एका वेळी एकाचंच काम घेते, पण झटकन करून देते. मागून दुसऱ्यानं हाक मारली का मात्र चिडते."

सगळे हसले आणि मी चिडले.

सर मग रंगात आले. आमच्या संस्थेचे सचिव पटलेभाऊ, ज्यांची गावाबाहेर राईस मिल होती, ते त्यांच्या मते अस्सल सर्व्हर. दिवसभर माणसं येतात, भाऊ कोणालाच नाही म्हणत नाहीत, सगळ्यांचं थोडं थोडं ऐकून घेतात, काम कोणाचंच लवकर होत नाही, पण भाऊ कधी बंद पडत नाहीत. प्राचार्य म्हणजे नुसता स्क्रीन, वरून जे येईल ते दाखवणारा. हे अर्थात प्राचार्य तिथे नसताना.

"आणि तुम्ही कोण हो?" मी विचारलं.

"मी कीबोर्ड. जो येते तो बोटं मारून जाते."

आमचं कनिष्ठ महाविद्यालय सडक अर्जुनीपासून आत, धानाच्या बांध्यांना लागून. शहारे सर तिथे आले तेव्हा सन दोन हजार नुकतंच उलटलं होतं. मूळचे दवनीवाड्याचे. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचा मोबदला. दिवाळीत तास नाहीत, उन्हाळ्यात तास नाहीत, तेव्हा सरांनी काय खावं हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही पगारी मंडळी मे महिना कसा कंटाळवाणा जातो याच्या गप्पा मारायचो, आणि सर मान हलवून ऐकायचे.

त्यांना एक वाईट खोड होती. चुकलो, असं ते उघड म्हणत. म्हणजे आपण नमस्कार म्हणतो तितक्या सहज. वर्गात शिरले की पहिलं वाक्य कितीदा तरी हेच असे: "काल मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली, ती आधी खोडा." आमच्या व्यवसायात असं करत नाहीत. शिक्षक चुकतो, तेव्हा तो आवाज चढवतो. मी त्यांना हे समजावूनही पाहिलं. म्हटलं, "सर, पोरं डोक्यावर बसतील."

"बसू द्या ना जी. पण चुकीचं घेऊन घरी नको जायला."

पोरं डोक्यावर बसली नाहीत. उलट तीही चुकलो म्हणायला शिकली. माझ्या तासालाही म्हणू लागली. गृहपाठ आणलेला नसला की पोरगं उभं राहून शांतपणे "मॅडम, चुकलो" म्हणे आणि खाली बसे. या रोगावर माझ्याकडे औषध नव्हतं.

लॅबसाठी संस्थेला एकदाची रक्कम मिळाली, आणि आम्ही गोंदियाला खरेदीला निघालो. भाऊंची जीप, पुढे भाऊ, मागे शहारे सर आणि मी. मी कशाला? खरेदी समितीत एक महिला असावी लागते म्हणून. प्रोसेसर म्हणजे काय हे मला ठाऊक नसणं ही त्या कामाची अडचण नव्हती. पूर्ण रस्ता सर कागदावर आकडेमोड करत होते. कोहमाऱ्याला चहालासुद्धा खाली उतरले नाहीत.

दुकानदार शेठ अघळपघळ होता. त्यानं आमच्यासमोर समोसे ठेवले आणि म्हणाला, "मास्टरजी, इतने में आठ डेस्कटॉप आ जाएँगे. फटाफट मशीन है. बच्चे खुश, आप खुश."

"आमची बॅच वीस पोरांची आहे," सर म्हणाले.

"तो क्या हुआ? एक पे दो-तीन बिठा दो. सब जगह ऐसेही चलता है."

"चलता है, पता है," सर म्हणाले, आणि मग भाऊंकडे वळले. "भाऊ, मी शिकवलं ना पयले अशा लॅबमध्ये. मधातला पोरगा चालवते. बाजूचे दोघं मान हालवतात. अन् पोरी मागं उभ्या राहतात. दोन वर्षं झाल्यावर पोरीले विचारा, कॉम्प्युटर शिकली का, तर म्हणते, पाहिला जी."

भाऊंनी समोसा खाली ठेवला. त्यांना दोन मुली होत्या.

सरांचं म्हणणं असं होतं: एकच मशीन घ्यायची, पण ताकदीची. तिला तारेनं वीस स्क्रीन जोडायचे. प्रत्येक स्क्रीनच्या मागे पुस्तकाएवढी एक डबी आणि पुढे कीबोर्ड. डबी म्हणजे नुसता दुवा, तिच्यात डोकं नाही. डोकं सगळं त्या एका मशीनमध्ये. पण प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला, आपली जागा.

शेठ काही कच्चा नव्हता. "ठीक है," तो म्हणाला, "एक मशीन से बीस चलाना है, चलाओ. पर सर्वर का प्रोसेसर क्यों? डेस्कटॉप का डाल दो. आधे में काम हो जाएगा. और नंबर देखो, इसीका बड़ा है."

त्यानं दोन्ही खोके शेजारी ठेवले. वेगाचा आकडा खरोखरच डेस्कटॉपवाल्याचा मोठा होता. वेग जास्त आणि किंमत कमी! भाऊंच्या कपाळाला आठी पडली.

"शहारे, मोठा नंबर सोडून लहान नंबरचा महागात काऊन घेऊन राहिले तुम्ही?"

सर खोक्यांवरून भाऊंकडे वळले. "भाऊ, तुमच्या मिलवर तो एक हमाल आहे ना, पोतं घेऊन पळते तो?"

"गणपत."

"गणपत. लय जोरात पळते. पण वीस गाड्या एकदम लागल्या तर?"

"मरते तो. आणखी माणसं लागतात."

"तर हा डेस्कटॉपवाला म्हणजे गणपत अन् त्याचा भाऊ. सर्व्हरच्या पोटात जास्त हमाल आहेत. जरा सावकाश चालणारे, पण दिवसभर चालणारे. अन् त्याच्या मेमरीत एक मोजणारा माणूस बसवला आहे. एक पोतं इकडचं तिकडं झालं का तो तिथंच सांगते, चुकलं. साध्या मशीनमध्ये चुकलं तर चुकलं, कोणाले पत्ता लागत नाही."

मोजणारा माणूस आतच बसवलेला आहे, ही गोष्ट एका मिलमालकाला कितपत रुचली असेल याची मला शंका आहे. भाऊंनी तो मुद्दा बाजूला ठेवून वेगळंच विचारलं, "तालुक्यात कोणाकडं हाय का सर्व्हर?"

"नाही."

"मंग घ्या."

शिक्षणाच्या क्षेत्रातले मोठे निर्णय असेच होतात.

सर्व्हर आला त्या दिवशी भाऊंनी पूजा ठेवली. नारळ फुटला, कुंकवाचा स्वस्तिक निघाला, झेंडूचा हार चढला. हाराची पाकळी मशीनच्या पंख्यात गेली आणि सर चिमट्यानं ती अर्धा तास काढत बसले. मग बटण दाबलं. बाप्पा! धान भरडायची मशीन बरी. शेजारच्या वर्गात माझा तास सुरू होता, पोरं खिडकीकडे पळाली. त्या मशीनला गारवा लागतो म्हणून आख्ख्या कॉलेजातला एकमेव एसी तिच्या खोलीत बसला, आणि मे महिन्यात प्राचार्यांनी आपली खुर्ची तिथे हलवली. त्या आवाजात फोन ऐकू येत नसे, यावर ते खूश होते. लोडशेडिंगसाठी भाऊंनी मिलच्या जनरेटरवरून एक लाईन ओढून दिली. एवढी बडदास्त आमच्यापैकी कोणाचीच ठेवली गेली नव्हती.

पण पहिल्या तासाला जे झालं ते मी दारात उभी राहून पाहिलं. वीस स्क्रीन, वीस खुर्च्या. पोरं धावत जाऊन बसली. आणि पोरींनी काय करावं? सवयीनं गेल्या आणि पोरांच्या मागे भिंतीला लागून उभ्या राहिल्या. समोर नऊ खुर्च्या रिकाम्या, आणि मागे नऊ पोरी उभ्या.

"कायले उभ्या आहात?" सर म्हणाले. "तुमच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या ना."

नवेगावच्या जंगलाकडून येणारी उईके म्हणून एक मुलगी होती, तिनं विचारलं, "आमच्या?"

सरांनी फक्त खुर्ची मागे ओढली. ती बसली. त्या तासाला तिनं स्वतःचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं, मग घरच्या शेळ्यांची लिहिली. सर मागे उभे राहून प्रत्येक शेळीची चौकशी करत होते. मला भरून आलं. कोणी बघू नये म्हणून मी माझ्या वर्गातल्या पोरांवर ओरडले, खिडकीतून काय बघता म्हणून.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या ऐन मध्यात सर्व्हर बसला आणि वीसच्या वीस स्क्रीन एका दमात काळे झाले. भाऊ मिलवरून तरातरा आले. "आठ डेस्कटॉप असते तर एक बंद पडला असता, सात चालले असते. मी त्याच दिवशी म्हणत होतो!" म्हणत काही नव्हते, पण ते असो.

"बरोबर आहे भाऊ," सर म्हणाले. "हा यातला दोष आहे. दुकानातच सांगायला पाहिजे होता. चुकलो."

भाऊ भांडायच्या तयारीनं आले होते. असं कोणी म्हटल्यावर पुढे भांडायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते प्राचार्यांना चार शब्द बोलून परत गेले.

आणि मग तपासणी आली. आमच्या कॉम्प्युटर विषयाला तोवर वर्षावर्षाची तात्पुरती मान्यता होती. तपासणी पार पडली की कायम मान्यता, मान्यता मिळाली की पद मंजूर, पद मंजूर झालं की शहारे सर कायम. वर्षानुवर्षं तासिकांवर काढलेले. वयाची अट डोक्यावर येऊन ठेपलेली, त्या वर्षी झालं तर झालं, नाहीतर पुढे अर्जही करता येणार नव्हता. घरी वहिनी शिवणकाम करायच्या, दोन लेकरं होती. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "मॅडम, मले सोनं नको, नाणं नको. एक उन्हाळा पगाराचा पाहिजे."

नियम साधा होता: लॅबमध्ये संगणक किमान इतके नग. आणि शेजारच्या तालुक्यातून भाऊंच्या कानावर आलं की समितीवाले टेबलाखालचे डबे मोजतात. एक डबा, एक संगणक. आमच्या लॅबमध्ये वीस पोरं बसत होती, पण डबा एकच होता.

भाऊंनी यावर मिलमालकाला शोभेल असा तोडगा काढला. गोंदियाच्या त्याच शेठकडून वीस रिकामी कॅबिनेटं, म्हणजे संगणकाचे नुसते डबे, एका दिवसासाठी आणायची आणि प्रत्येक टेबलाखाली एक ठेवायची. कोण उघडून बघतो?

मी त्या संध्याकाळी सरांच्या घरी होते. वहिनींनी चहा दिला आणि माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं, "तुम्हाले खोटं बोलायला कोणी सांगून नाही राहिलं. फक्त गप राहा. एक दिवस. तेवढं जमते का नाही?"

सरांनी कप खाली ठेवला. "जमते," म्हणाले.

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. गोंदियाला जाऊन डबे त्यांनीच आणले. धूळ पुसली, टेबलांखाली एका रांगेत लावले, वायरीसुद्धा खोचल्या. काम हातात घेतलं की नीटच करायचं, हीही एक वाईट खोड. ते इतकं झकास दिसत होतं की माझाच विश्वास बसला.

तपासणीचे साहेब भले निघाले. पेन्सिलनं डबे मोजत गेले, वीस भरले, लिहून टाकलं. सोबतच्या सदस्यानं सही केली. भाऊंनी काजू पुढे केले. संपलं होतं हो सगळं! साहेब चहा पीत होते आणि काहीतरी बोलायचं म्हणून, अगदी कौतुकानं, पायाशी असलेल्या डब्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "छान लॅब आहे. प्रोसेसर कोणता टाकलाय यांच्यात?"

भाऊ सरांकडे पाहू लागले. प्राचार्य सरांकडे पाहू लागले. कुठलंही नाव चाललं असतं. शेठच्या दुकानातल्या त्या मोठ्या नंबरवाल्याचं नाव तर मलाही पाठ होतं. मी मनात ओरडत होते, सांगा हो, टाका एखादं नाव! मी खाली फरशीकडे बघितलं.

"यांच्यात नाही साहेब," ते म्हणाले. "हे डबे रिकामे आहेत. प्रोसेसर त्या खोलीत आहे. सर्व्हरचा आहे."

भाऊंच्या हातातली काजूची बशी तशीच राहिली. आणि खरा कहर पुढेच. एकदा बोलून गेल्यावर माणसानं निदान गप बसावं की नाही? सरांचा चेहरा खुलला. डेस्कटॉपचा का नाही घेतला, सर्व्हरचाच का घेतला, सगळं सांगत ते साहेबांना आतल्या खोलीत घेऊन गेले. साहेबांनी ऐकलं. बाहेर येऊन एका स्क्रीनपुढे बसले, पोरांनी केलेलं काम पाहिलं, शेळ्यांची नावंही वाचली. मला वाटलं, वाचलो.

साहेबांनी चष्मा काढला. "शहारे, अशी लॅब मी पाहिली नाही. खरंच सांगतो. पण माझ्या नियमात संगणक नग आहे. पोरं किती बसतात हा रकानाच नाही. आता मला कळल्यावर मी वीस कसे लिहू?" आणि त्यांनी वीस खोडून एक केलं. मग अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "मला कशाला सांगितलंत हो?"

"तुम्ही विचारलं ना," सर म्हणाले.

भाऊ ओरडले नाहीत. जीप गेल्यावर ते सरांजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "शहारे, तुम्ही माणूस चांगले आहात. पण मले तुम्ही परवडत नाही." पुन्हा येऊ नका, हे त्यात आलं.

मला राग आला तो साहेबांचा नाही, भाऊंचाही नाही. शहारे सरांचा आला. इतका की थोबाडीत द्यावीशी वाटली. अहो, दोन लेकरं आहेत, बायको रात्रंदिवस पायमशीन मारते, आणि तुम्हाला एका रिकाम्या डब्याबद्दल खरं बोलायचं होतं? आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की या इमारतीत माणूस म्हणावा असा हा एकच आहे, आणि आम्ही त्याला घालवतो आहोत. दोन्ही एकदम वाटत होतं. अजून वाटतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुढल्या वर्षी भाऊंनी सर्व्हर विकला, डेस्कटॉप घेतले, नियमापुरते नग जुळवले. कायम मान्यता मिळाली, पद मंजूर झालं, त्यावर दुसरे सर आले. डेस्कटॉप झटपट चालणारे होते. त्यातले निम्मे वर्षभरात बंद पडले, मग एकेकावर तिघं-तिघं बसू लागले, आणि पोरी मागे उभ्या. शहारे सरांबद्दल कोणी म्हणे रायपूरला आहेत, कोणी म्हणे दवनीवाड्याला शेती बघतात. माझी पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तपासणीच्याच दुपारी.

डबे संध्याकाळच्या आत गोंदियाला परत करायचे होते. भाऊंची जीप साहेबांना सोडायला गेलेली, आणि नंतर ती मिळेल असं कोणी म्हटलंही नाही. सरांनी सुतळी घेतली आणि डबे बांधू लागले. कोणीही न सांगता लॅबच्या सगळ्या बॅचमधल्या पोरी आल्या, एकेक डबा डोक्यावर घेतला, आणि ती वरात हायवेच्या थांब्यापर्यंत गेली. मी मागून सरांची पिशवी घेऊन.

गोंदिया गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता.

"जयभीम सर. एवढं काय घेऊन चालले?"

"जयभीम. कॉम्प्युटरचे डबे आहेत. लगेजचं तिकीट फाडा."

कंडक्टरनं एक डबा हातानं उचलून पाहिला आणि हसला. "कायचं लगेज जी? लगेज वजनावर असते. यात तर काहीच नाही. टाका मागच्या सीटवर, गाडी खालीच आहे."

"नाही, फाडा. वजन नसेल तर नगावर घ्या."

"अहो रिकाम्या डब्याचं तिकीट कायले काढून राहिले?"

"जागा तर घेते ना," सर म्हणाले. "मोजा."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला, मागच्या सीटपर्यंत गेला, आणि डब्यांवर बोट ठेवत मोजून आला. मग कागद फाडून दिला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "संगणक, नग वीस." सरांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला, आणि कंडक्टरनं घंटी मारली.